इशानंतरचे आकाश



चंद्रदर्शनाच्या संध्याकाळी आपण सारे गच्चीवर चढतो. कोर दिसली की दुआ करतो, एकमेकांना मुबारकबाद देतो आणि दहा मिनिटांत खाली उतरतो. पुढे तासाभरात ती बारीक कोर मावळते आणि महिन्यातील अत्यंत काळोख्या रात्रींपैकी एक सुरू होते. त्या काळोखात वर काय उजळते, हे पाहण्यासाठी मात्र कोणी थांबत नाही.

आपल्या कित्येक घरांत मुलीचे नाव कौतुकाने ‘कहकशां’ ठेवले जाते. या फारसी शब्दाच्या मुळाशी ‘काह’ म्हणजे वाळलेले गवत आहे. अरबीत त्याच पट्ट्याला ‘दर्बुत्तब्बाना’, म्हणजे पेंढा वाहणाऱ्यांची वाट, असेही म्हणतात. भरलेली गाडी निघून जावी आणि मागे रस्ताभर काड्या सांडलेल्या दिसाव्यात, तसे ते दृश्य. मराठीने तेथे गंगा पाहिली. दोन्ही प्रतिमा मला प्रिय आहेत. प्रश्न एवढाच, की कहकशां नावाच्या आपल्या किती लेकींनी कहकशां पाहिली आहे?

ईदगाहवर गर्दीच्या मध्यात उभे असताना सभोवार नजर टाकून पाहा. चहूकडे माणसांचा दाट पट्टा दिसतो. मान वर केली की मोकळे आकाश. आपली आकाशगंगा अशीच चपटी, ताटलीसारखी आहे आणि आपण तिच्या आत उभे आहोत. ताटलीच्या पातळीत पाहिले की तारे एकात एक मिसळून दुधाळ पट्टा होतो. ही ताटली सुमारे एक लाख प्रकाशवर्षे रुंद असून तीत शंभर ते चारशे अब्ज तारे असावेत, असा अंदाज आहे. आपला सूर्य तिच्या केंद्रापासून सुमारे सव्वीस हजार प्रकाशवर्षे दूर, एका बाजूला आहे. पट्ट्यामध्ये काळ्या भेगा दिसतात, ते रिकामेपण नव्हे. ती मागचा प्रकाश अडवणारी धूळ आहे.

सूरह आलि-इमरानच्या अखेरीस आकाश व पृथ्वीच्या निर्मितीत आणि रात्र-दिवसाच्या फेऱ्यात बुद्धिमंतांसाठी निशाण्या असल्याचे अल्लाहने सांगितले आहे. हजरत इब्ने अब्बास (रजि.) लहान असताना एका रात्री आपल्या मावशीच्या, हजरत मैमूना (रजि.) यांच्या घरी मुक्कामाला होते. रात्रीच्या अखेरच्या प्रहरी प्रेषित मुहम्मद (स.) उठून बसले, त्यांनी आकाशाकडे पाहिले आणि याच आयतींचे पठण केले. मग मिस्वाक, वुजू आणि नमाज. हा प्रसंग सहीह बुखारीत नोंदलेला आहे. आपण तहज्जुदचे महत्त्व सांगताना वुजूपासून सुरुवात करतो आणि त्याआधीची ती नजर गाळून टाकतो.

पूर्वीच्या विद्वानांनी ती गाळली नाही. आकाशगंगा ही वातावरणातील घटना आहे, हे ॲरिस्टॉटलचे मत शतकानुशतके प्रमाण मानले जात होते. इब्ने हैसम यांनी ते तपासले. ती जवळ असती, तर जागा बदलून पाहणाऱ्याला ताऱ्यांच्या तुलनेत सरकलेली दिसली असती. तशी ती दिसत नाही, म्हणून ती फार दूर आहे, असा त्यांचा युक्तिवाद. ९७३ साली जन्मलेल्या अल-बिरूनी यांनी तिला असंख्य धूसर ताऱ्यांचा समुच्चय मानले. गॅलिलिओने १६१० मध्ये दुर्बिणीतून तीतले तारे सुटे करून दाखवले, त्याच्या सहाशे वर्षे आधीची ही गोष्ट. हे मी अभिमान मिरवण्यासाठी सांगत नाही. प्रत्येक नव्या शोधासाठी आयती ताणण्याची सवयही मला रुचत नाही. आयतीने पाहायला सांगितले, त्यांनी पाहिले, इतकेच.

आता माझी चूक सांगतो. ज्या मशिदीत मी इमामत करतो, तेथे मिनारावर प्रखर दिवे बसवण्यासाठी जुम्याच्या दिवशी मीच वर्गणीचे आवाहन केले होते. दिवे लागले, रात्रभर जळू लागले. काही महिन्यांनी एक वृद्ध शेतकरी नमाजी म्हणाले, ‘‘मौलाना, मिनार झकास दिसतो. पण अंगणातून तारे दिसत होते ते गेले.’’ मला उत्तर सुचले नाही. वुजूच्या पाण्यातील इस्राफवर मी कितीदा बोललो होतो. प्रकाशातील उधळपट्टी माझ्या लक्षातही आली नव्हती.

महाराष्ट्रात ही वाट अजून बंद झालेली नाही. २०२४ मध्ये पेंच व्याघ्र प्रकल्पाला देशातील पहिले ‘डार्क स्काय पार्क’ म्हणून मान्यता मिळाली. पण तेवढे दूर जाण्याची गरज नाही. शहराच्या झगमगाटापासून लांब असलेले आपले गाव किंवा नातलगाचे शेत पुरे. पावसाळा सरल्यावर ऑक्टोबर-नोव्हेंबरात, चांद्रमासाच्या अखेरच्या किंवा पहिल्या रात्री, इशानंतर नैर्ऋत्येकडे पाहा. तो पट्टा तेथून माथ्याकडे चढत ईशान्येकडे उतरतो. मार्च ते मे या काळात फजरच्या दीड-दोन तास आधी दक्षिणेकडे वृश्चिक आणि धनू राशींच्या बाजूला तो अधिक ठळक असतो, कारण केंद्र त्याच दिशेला आहे. मोबाइल खिशात ठेवा. डोळ्यांना काळोखाची सवय व्हायला वीस ते तीस मिनिटे लागतात. एकदा जरी पडदा पेटवला, तरी पुन्हा तेवढेच थांबावे लागते. तोवर जिक्र करा.

आमचे मिनारावरचे दिवे आता इशानंतर अर्ध्या तासाने बंद होतात. विश्वस्तांची समजूत घालायला दोन बैठका लागल्या. गेल्या हिवाळ्याच्या तोंडावर मक्तबमधील मुलांना अंगणात चटईवर उताणे झोपवून वर पाहायला सांगितले. बराच वेळ कोणी बोलले नाही. मग नऊ वर्षांचा एक मुलगा म्हणाला, ‘‘मौलाना, वारा सुटलाय, तरी तो ढग हलत का नाही?’’