गळका रेडिएटर आणि ‘तीच वस्तू’ असण्याचा प्रश्न

काळाच्या ओघात एखाद्या वस्तूचे भाग बदलत गेले तरी ती वस्तू तीच आहे असे कशाच्या आधारावर म्हणावयाचे, हा प्रश्न भारतीय दर्शनांनी रथ, वस्त्र आणि दिव्याची ज्योत यांच्या निमित्ताने शतकानुशतके चर्चिला आहे. जतन केलेल्या जुन्या मोटारीचा रेडिएटर गळू लागतो तेव्हा हाच प्रश्न अधिक रोखठोक रूपात पुढे येतो, कारण तेथे नुसता युक्तिवाद करून भागत नाही. काय ठेवायचे आणि काय काढून टाकायचे हे कारागिराला प्रत्यक्ष ठरवावे लागते.

इंजिनाभोवती फिरून तापलेले पाणी रेडिएटरच्या वरच्या टाकीत येते, मधल्या जाळीतून, म्हणजे कोअरमधून, खाली उतरताना वाऱ्याने निवते आणि खालच्या टाकीतून इंजिनाकडे परतते. विल्हेल्म मायबाख याने १९००-०१ च्या सुमारास मर्सिडीजच्या ३५ अश्वशक्तीच्या गाडीसाठी जी मधाच्या पोळ्यासारखी जाळी रचली, तिच्यात ६ मिलिमीटर बाजूच्या ८,०७० चौकोनी नळ्या होत्या. नळ्यांतून वारा जाई आणि त्यांच्यामधल्या फटींतून पाणी फिरे. पुढील काळातल्या बहुतेक जाळ्यांत पाणीच नळ्यांतून वाहू लागले, तरी तांबे, पितळ आणि त्यांना सांधणारा शिसे-कथिलाचा डाख ही सामग्री अनेक दशके कायम राहिली. हा डाख १८३ अंश सेल्सिअसच्या आसपास वितळू लागतो, वर्षानुवर्षांच्या हादऱ्यांनी त्याला बारीक तडे जातात, आणि जड पाण्यातल्या क्षारांचा थर नळ्या आतून बुजवीत राहतो. गळती प्रथम दिसते ती सांध्यापाशी उमटलेल्या हिरवट-पांढऱ्या डागाच्या रूपाने. मग रेडिएटर उतरवून, त्याची तोंडे बंद करून, तो पाण्याच्या हौदात बुडवून आत बेताने हवा भरली की बुडबुडे नेमकी जागा दाखवितात.

येथून तीन वाटा फुटतात. एक-दोन सांधेच सुटले असतील तर पुन्हा डाख देऊन काम भागते. नळ्याच कुजल्या असतील तर जुन्या टाक्या आणि दर्शनी आवरण ठेवून मधली जाळी नवी बसवावी लागते. तिसरी वाट संपूर्ण नवा, बहुधा ॲल्युमिनियमचा, रेडिएटर बसविण्याची. गळती बुजविणारी भुकटी पाण्यात टाकणे हा उपाय मात्र वाट म्हणण्याच्या लायकीचा नाही, कारण ती भोकाबरोबर चांगल्या नळ्याही बुजविते.

तात्त्विक दृष्ट्या मधली वाट सर्वांत अर्थपूर्ण आहे. न्याय-वैशेषिक मतानुसार अवयवी, म्हणजे अवयवांत राहणारी पण त्यांहून वेगळी अशी संपूर्ण वस्तू, ही खरी सत्ता आहे. परंतु वस्त्रातला एक धागा काढला तरी जुने वस्त्र नष्ट होऊन नवे उत्पन्न होते, इतकी त्या मताची शिस्त कडक आहे. त्या हिशेबाने जाळी बदललेली गाडी दुसरीच ठरते, आणि ‘ही तीच’ ही ओळख केवळ साम्यावर उभी राहते. उलट मिलिंदपञ्हा या बौद्ध ग्रंथात भिक्षू नागसेन राजा मिलिंदाला दाखवून देतो की आस, चाके, जू यांपैकी काहीही रथ नाही आणि त्यांच्यावेगळाही रथ सापडत नाही. ‘रथ’ ही भागांच्या आधाराने चाललेली व्यवहारातली संज्ञा आहे. एका पक्षात गाडी प्रत्येक दुरुस्तीला नष्ट होते, दुसऱ्यात ती गाडी म्हणून कधी नव्हतीच. दोन्ही पक्षांची तर्कशुद्धता मान्य करूनही असे म्हणावे लागते की, नवी जाळी जुन्या टाक्यांना सांधणारा कारागीर जे करतो त्याचा अर्थ त्यांतून पुरता लागत नाही. जैन दर्शनाने सत्तेचे लक्षण उत्पाद, व्यय आणि ध्रौव्य, म्हणजे उपजणे, नाहीसे होणे आणि टिकून राहणे, या तिन्ही मिळून सांगितले, ते येथे अधिक जवळचे वाटते: जाळी गेली, जाळी आली, आणि त्या येण्याजाण्याला धरून ठेवणारे काहीतरी राहिले.

ते काहीतरी कोणते? पुरीच्या जगन्नाथाच्या नवकलेवरात, जे अलीकडे १९९६ आणि २०१५ साली झाले, लाकडी मूर्ती पूर्ण बदलतात. जुन्या मूर्तींतील ब्रह्मपदार्थ नव्यांत ठेवला जातो आणि जुन्यांना कोइली वैकुंठात समाधी दिली जाते. श्रद्धेच्या दृष्टीने तेथे सातत्याचा वाहक निश्चित आहे. मोटारीत असा गाभा नाही. १९२९ आणि १९३० साली ल मांची शर्यत जिंकलेल्या ‘ओल्ड नंबर वन’ या बेंटलीविषयी १९९० साली लंडनच्या उच्च न्यायालयात सुमारे १ कोटी पौंडांच्या व्यवहारावरून वाद झाला, तेव्हा १९२९ चे फारच थोडे भाग तिच्यात उरले होते. न्यायमूर्ती ऑटन यांनी ती गाडी अस्सल मानली, कारण तिचा इतिहास कोठे तुटलेला नव्हता: तिचे भाग बदलले ते ती गाडी म्हणून नांदत असताना, एकामागून एक.

हा निवाडा केवळ व्यवहारापुरता नाही, त्यात तत्त्वही आहे. सातत्य धातूत नसते. पुढची कृती मागच्या कृतीचा स्वीकार करते त्या क्रमात ते असते. म्हणूनच दुरुस्तीत सत्याचे बंधन येते. जुन्या वाहनांच्या आंतरराष्ट्रीय महासंघाने, म्हणजे फिवाने, ट्युरिन येथे सिद्ध केलेल्या सनदेत जतनाला पुनर्निर्मितीहून वरचे स्थान दिले आहे आणि बदललेले भाग ओळखता यावेत असे सुचविले आहे. नव्या जाळीवर जुनाटपणाचा लेप चढवून ती मूळची म्हणून विकणे हा त्या क्रमाचाच भंग होय, मग डाख कितीही सुबक असो.

तत्त्वज्ञ हॉब्जने १६५५ च्या आपल्या ग्रंथात, एकेक फळी बदलत गेलेल्या थीसियसच्या जहाजाविषयी जी अडचण मांडली तीही येथे टळत नाही: काढलेल्या जुन्या फळ्या कोणी जपून पुन्हा जोडल्या, तर खरे जहाज कोणते? जुन्या मोटारींच्या जगात टाकून दिलेले सांगाडे, टाक्या आणि आवरणे एकत्र करून दुसरी गाडी उभी राहण्याची आणि एकाच क्रमांकावर दोन मालकांनी हक्क सांगण्याची शक्यता खरी असते. तेथे धातूचे वय निर्णय देत नाही. कोणता भाग कोणत्या दिवशी, कोणत्या कारणाने निघाला आणि त्याच्या जागी काय बसले, याची कारखान्याच्या वहीतली नोंद आणि चिठ्ठी बांधून ठेवलेली जुनी जाळी ज्या गाडीबरोबर चालत आली असेल, तिच्याच बाजूने तो वाद सुटतो.