कष्ट तिचे, कारभार कोणाचा?

आमच्या खेड्यापाड्यांच्या मंडळ्यांतून एक प्रश्न वारंवार निघतो. तो असा की, ख्रिस्ती स्त्रीने स्वतःचा धंदा काढावा, माणसे कामास लावावी आणि त्याचा हिशेब आपल्या हाती ठेवावा, हे शास्त्रास धरून आहे काय? स्त्रीने कष्ट करावे की नाही, असे कोणी विचारीत नाही. खुरपणीस, बाजारास, वीटभट्टीवर ती जातेच, आणि त्याविषयी कोणा वडिलास शंका आल्याचे ऐकिवात नाही. शंका येते ती तिच्या हाती पैसा राहू लागला म्हणजे.

पती हा पत्नीचे मस्तक आहे, हे पौलाचे शिक्षण कित्येक बंधू पुढे करितात. ते आम्हांसही मान्य आहे. परंतु त्याच अध्यायात ख्रिस्ताने मंडळीकरिता स्वतःस दिले तसे पतीने करावे, असे सांगितले आहे, तेही वाचावे. शिवाय खुद्द पौलाचे आचरण पाहावे. फिलिप्पै शहरी नदीकाठी प्रार्थनेस जमलेल्या स्त्रियांत लुदिया होती. ती मूळची थुवतीरा नगराची. ते ठिकाण हल्लीच्या तुर्कस्तानात आहे. तिचा व्यापार जांभळ्या वस्त्रांचा होता. तो रंग फार महाग असे व ती वस्त्रे श्रीमंत व अधिकारी लोक वापरीत, तेव्हा ह्या व्यापारास भांडवल लागे आणि मोठ्या लोकांशी व्यवहारही करावा लागे. तिच्या पतीचा उल्लेख प्रेषितांच्या कृत्यांत नाही. बाप्तिस्मा झाल्यावर तिने प्रेषितांस आग्रहाने घरी ठेवून घेतले. पुढे पौल व सीला बंदिशाळेतून सुटले तेव्हा ते तिच्याच घरी गेले व तेथे बंधुजनांस भेटले. ते घर उघडण्याचा अधिकार तिच्याकडे नसता तर त्या मंडळीने कोठे जमावे? तिने धंदा सोडावा असे पौलाने सांगितल्याचे कोठेही लिहिलेले नाही. लूकाच्या आठव्या अध्यायातील योहान्ना, सुसान्ना व इतर स्त्रियांनीही प्रभूची सेवा स्वतःच्या मालमत्तेतून केली.

नीतिसूत्रांचा शेवटचा अध्याय आपण लग्नात वाचतो. उपदेशक त्या सद्गुणी स्त्रीच्या पहाटे उठण्यावर व सूत कातण्यावर पुष्कळ बोलतात. ती शेत पाहून, विचार करून ते विकत घेते व मिळकतीतून द्राक्षमळा लाविते, ह्या वचनापाशी मात्र बहुतेकांची गाडी थांबत नाही.

माझ्या मते सर्व प्रश्नाचे मूळ रुपयांच्या दाखल्यात आहे. धन्याने प्रत्येक दासास ज्याच्या त्याच्या योग्यतेप्रमाणे रक्कम दिली व परत आल्यावर प्रत्येकापाशी वेगळा हिशेब मागितला. देवाने स्त्रीस बुद्धी, हातोटी व व्यवहाराची समज दिली असेल तर तिलाही हिशेब द्यावा लागेल. परंतु ज्याच्या हाती निर्णय नाही त्याने हिशेब कशाचा द्यावा? तिचा वाटा दुसऱ्याने घेऊन जमिनीत पुरला, तर त्या दिवशी धन्यासमोर उभे कोणास राहावे लागेल?

स्त्रियांस हिशेब कळत नाही, हा आक्षेप आता टिकणारा नाही. सातारा जिल्ह्यातील माण हा दुष्काळी तालुका. तेथे म्हसवड गावी चेतना गाला सिन्हा व गावच्या बायांनी बँक काढावयाचे ठरविले. पुष्कळ बायांस लिहिता-वाचता येत नाही म्हणून पहिला अर्ज नामंजूर झाला. त्या अक्षरे शिकल्या, पुन्हा गेल्या आणि अधिकाऱ्यांस म्हणाल्या की, व्याजाचे गणित आम्हांस घाला, आम्ही ते तोंडी करून दाखवितो. 1997 साली माणदेशी महिला बँक उघडली. त्यापूर्वी 1959 साली मुंबईस गिरगावात सात बायांनी ऐंशी रुपये उसने घेऊन पापड लाटावयास आरंभ केला. तोच पुढे लिज्जत पापडाचा उद्योग झाला. तेथे लाटणारी बाई मजूर नसून मालकीण असते, आणि नफ्यातोट्यात तिचा वाटा असतो. धर्मादाय घ्यावयाचा नाही, हा त्यांचा नियम आमच्या मंडळ्यांनीही ध्यानात घेण्याजोगा आहे.

हे सर्व मी आज लिहितो. परंतु काही वर्षांपूर्वी मी स्वतः उलट निकाल दिला. आमच्या मंडळीतील एक भगिनी ऊसतोडणीच्या लोकांस भाकरी करून विकत असे. दोन विधवांस तिने हाताखाली घेतले होते व पिठाच्या गिरणीकरिता पैसे साठविले होते. तिच्या पतीने ते धाकट्या भावाच्या लग्नासाठी मागितले. तो मनुष्य व्यसनी नव्हता. असता तर निकाल सोपा होता. प्रकरण पंचांपुढे आले. घरात शांती राहावी म्हणून आम्ही तिला पैसे देण्यास सांगितले. तिने दिले. लग्न झाले. गिरणी झाली नाही, आणि त्या दोघी विधवा पुन्हा दुसऱ्याच्या शेतावर रोजाने जाऊ लागल्या. घरात शांती राहिली, हे खरे. ती भगिनी त्यानंतर सभेत फारशी बोलत नसे.

गेल्या पावसाळ्यात मी तिच्या घरी गेलो व आमची चूक झाली असे तिला सांगितले. तिने चहा ठेविला आणि म्हणाली, “गुरुजी, हे तुम्ही मला घरात येऊन सांगता. निकाल तर सगळ्या मंडळीपुढे झाला होता.”

येत्या पंचांच्या सभेत हे मांडण्याविषयी मी पाळकांस पत्र लिहिले आहे.