एकदाच केलेली वारी

सान्तियागोच्या वाटेवर चाललेल्या एका स्पॅनिश माणसाचं पुस्तक इथे जयनगरात बसून मराठीत आणताना मी ‘वारी’ असं लिहिलं आणि अडकले. तिथे शेवटचे 100 किलोमीटर पायी चालल्याचे शिक्के दाखवले की प्रमाणपत्र मिळतं; हिशेब मिटतो. वारी मिटत नाही, ती दरवर्षी करायची असते. मी एकदाच, आळंदीच्या पालखीबरोबर पुण्याहून दिवेघाट चढून सासवडपर्यंत गेले. बरोबर चालणाऱ्या आजी निरोप घेताना म्हणाल्या, “पुढल्या वर्षी या, माउली.” मी हो म्हटलं. त्याला नऊ वर्षं झाली. चालले ते खरं, पायाला फोडही आले (ते मात्र सगळ्यांना सांगितलं). पण तो होकार मोडल्यावर माझं चालणं वारी उरतं का? हस्तलिखितात ‘वारी’ खोडून ‘पदयात्रा’ केलं.