चित्रगुप्ताची वही कोणी वाचावी?

आमच्या आजीचा चित्रगुप्तावर भारी विश्वास. कुठेही काही केलंत तरी तो टिपून ठेवतो, हे ती आम्हा पोरांना जेवतानासुद्धा ऐकवायची. तो धाक कधीच गेला, पण त्या व्यवस्थेतली एक गोष्ट मला अजून पटते. ती वही फक्त यमापुढे उघडते. शेजारच्या काकूंना तुमचं पान चाळता येत नाही.

इंग्लंडला आल्यापासून शनिवारी सकाळी मी पार्करनला स्वयंसेवक म्हणून उभी असते, बहुतेक वेळा बारकोड स्कॅन करायला. 5 किलोमीटर, फुकट, नऊ वाजता. धावा नाहीतर चाला. शेवटची रेघ ओलांडली की हातात क्रमांकाचं टोकन पडतं, मग माझ्यापुढे येऊन आपला बारकोड आणि टोकन दाखवायचं. थोड्या वेळाने निकाल जगजाहीर होतो: नाव, वेळ, वयोगट, क्लब, आजवर किती वेळा धावलात. नावावर बोट ठेवलं की मागची सगळी वर्षं उलगडतात, कुठल्या शनिवारी कुठल्या बागेत होतात त्यासकट. 2 ऑक्टोबर 2004 ला पॉल सिंटन-ह्यूइट यांनी लंडनच्या बुशी पार्कात हे सुरू केलं तेव्हा धावणारे होते 13, आणि टोकन म्हणून हार्डवेअरच्या दुकानातले वॉशर. 13 जणांत कोण कोणापासून काय लपवणार?

आमच्याकडे एक मराठी मुलगी येते. धावते छान. टोकन माझ्या हातात ठेवते आणि म्हणते, "माझं नको हं, ताई." बारकोड नाही म्हणून निकालात तिच्या जागी ‘अननोन’ लागतं. एकदा टोकनं क्रमाने लावायला ती मदतीला बसली होती, तेव्हा आपणहून बोलली. "सासरच्यांना हे गाव कळायला नको. नाव टाकलं की दर शनिवारी नऊला मी कुठे असते, हे त्यांना नागपुरात बसून कळेल."

नेमाला आपल्याकडे केवढी किंमत! एकादशी, सोमवार, वारी. नेम पाळणारा माणूस भरवशाचा. पण भरवशाचा म्हणजेच हमखास कुठे सापडेल हे ठाऊक असलेला. या मुलीचं एका दिवसाचं नाव-वेळ कुणाला कळलं तर फार बिघडणार नाही. तिचा नेम कळला की बिघडतं. आणि नेमाचाच तर तिथे हिशेब ठेवतात.

माझा भाऊ पुण्यात वकिली करतो. त्याचं म्हणणं, "चव्हाट्यावर धावायचं आणि वर पदर घ्यायचा?" त्याच्याच सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींचा 24 ऑगस्ट 2017 चा पुट्टस्वामी निकाल मी त्याच्या तोंडावर मारते: माणूस सार्वजनिक जागी आला म्हणून त्याचं खासगीपण संपत नाही. तो लगेच 2023 चा डेटा संरक्षण कायदा काढतो. जी माहिती तुम्ही स्वतःच जाहीर केलीत तिला तो कायदा लागूच होत नाही. आता बारकोड पुढे करणं म्हणजे ‘स्वतः जाहीर करणं’ का? आपली वेळ कळावी म्हणून केलेला तो हात, दहा वर्षांचा पत्ता वाटायला केलेला नव्हे. यावर आमचं कधी एकमत झालेलं नाही.

बरं, नावं काढली की सुटलो, असंही नाही. धावण्याची नोंद ठेवणाऱ्या स्ट्राव्हा या अ‍ॅपने 2017 मध्ये जगभरच्या धावण्याचा नकाशा प्रसिद्ध केला, त्यात एकही नाव नव्हतं. तरी जानेवारी 2018 मध्ये लोकांच्या लक्षात आलं की सीरिया-अफगाणिस्तानच्या ओसाड प्रदेशात लष्करी तळांच्या आकृत्या उजळल्या आहेत. गर्दीत आकडा माणसाला झाकतो, ओसाडीत तोच आकडा त्याला दाखवून देतो.

मग वारीचं काय? दिंडीत तर कोणी अनोळखी राहतच नाही. कोण कुठल्या गावचं, कोणाचा गुडघा धरलाय, कोण घरी भांडून आलंय, सगळ्यांना पाठ. पण ज्याला माझं ठाऊक त्याचं मलाही ठाऊक असतं, आणि तोही त्याच उन्हातून चालतो. निकाल चाळणारा एक पाऊलही धावलेला नसतो. त्याने पाहिलं हे मला कळतसुद्धा नाही. ज्ञान एकतर्फी झालं की ओळखीची पाळत होते. मला खटकतं ते हे. आकडे नव्हे.

म्हणून फेब्रुवारी 2024 मध्ये पार्करनने केलं ते मला उलटंच वाटलं. नवख्यांना दडपण येऊ नये म्हणून त्यांनी मार्गांचे विक्रम, सर्वांत वेगवानांच्या याद्या काढून टाकल्या. त्यावर इथे केवढा गदारोळ! ज्यांना मिरवायचं होतं त्यांचं मिरवणं गेलं. बाकीच्यांचे आठवड्या-आठवड्याचे ठावठिकाणे होते तसेच उघडे राहिले.

उघड्या यादीचं सुख मला नाकारायचं नाही. आमच्या इथले एक गोरे आजोबा, वयोगट 75 ते 79, निकाल लागला की सिडनीतल्या नातवाच्या फोनची वाट बघतात. वेळ दहा सेकंदांनी घसरली तरी पोरगं चिडवतं. त्यांना आपलं पान जगाने वाचायला हवं आहे. आमच्या बागेत किती आले, किती जण पहिल्यांदा आले, सगळ्यांचा मिळून सरासरी वेळ किती, हेही खुशाल उघडं असावं. तो बागेचा इतिहास आहे. पण एकेका माणसाचं मागचं पान मिटलेलंच असावं, आणि ज्याला हवं त्याने ते स्वतः उघडावं.

आमच्या रन डायरेक्टर बाईंना मी हे सांगितलं. त्या म्हणाल्या, अर्धे लोक पान उघडायचं बटण कधी दाबणारच नाहीत, मग यादीत मजा काय उरली? थोडी कमी उरेल, खरं आहे. आजोबाही कुरकुरतील. पण बटण कुठे आहे हे त्यांना नातू फोनवर सांगेल. त्या मुलीला आज आपलं पान मिटायला बटणच नाही, आणि म्हणून दर शनिवारी तिची वेळ आम्ही मोजतो ती कोणाच्याच नावावर लागत नाही.