मळ कोणता, खनिज कोणते?

पुण्याची मंडई दख्खनच्या ज्या काळ्या पाषाणाची आहे त्यात वजनाच्या सुमारे दहाव्या हिश्शाइतकी लोहाची संयुगे असतात. तथापि ते लोह इतर द्रव्यांशी इतके घट्ट गुंतलेले असते की विलग करण्याचा खर्च त्याच्या किमतीहून कितीतरी अधिक व्हावा, आणि म्हणून या पाषाणास कोणी लोहखनिज म्हणत नाही. खनिज कोणते व मळ कोणता, याचा निवाडा सृष्टीपेक्षा जमाखर्चच अधिक करतो.

मंडईजवळच्या रविवार पेठेत सराफांच्या दुकानांपुढचा केर झाडून नेणारे झारेकरी मळातून मोलाचे कण वेगळे करण्याची विद्या पिढ्यान्‌पिढ्या जाणतात. सोने पाण्याच्या एकोणीसपट जड, वाळू जेमतेम अडीचपट. उथळ भांड्यात पाणी खेळविले की माती वाहून जाते आणि जड कण तळाशी राहतात. विज्ञानाने याच तत्त्वास यंत्रांचे बळ दिले, चुंबके जोडली, आणि जेथे घनताही उपयोगी पडत नाही तेथे फेसावर खनिजकण तरंगवून घेण्याची युक्ती शोधली. मात्र झारेकऱ्याची उरलेली माती घमेलेभर असते, खाणीची डोंगराएवढी.

गोव्यातील डिचोली, सत्तरी, सांगे या तालुक्यांत लोहखनिजातील चिकणमाती व सिलिका धुऊन काढल्यावर राहणारा तांबडा गाळ तळ्यांत साठविला गेला, निकृष्ट खनिजाचे ढिगारे रचले गेले, आणि पावसाळ्यात त्यांची माती ओहोळांत व भातशेतांत उतरली. चालू शतकाच्या आरंभी चीनची मागणी वाढताच टाकाऊ ठरलेले तेच ढिगारे जहाजांत भरले जाऊ लागले. ढिगाऱ्याचे मोल वाढले, त्याचा लाभ मक्तेदारास झाला. शेतात गाळ साचला, त्याची तोशीस रयतेने सोसली. ही वाटणी मला उघड अन्यायाची वाटते. सर्वोच्च न्यायालयाने 2012 साली तेथील खाणकाम थांबविले, आणि 21 एप्रिल 2014 च्या निकालात वार्षिक उत्खननास दोन कोटी टनांची मर्यादा घालून विक्रीच्या रकमेतील दहा टक्के भावी पिढ्यांसाठी कायम निधीत टाकण्यास फर्माविले.

हे योग्यच झाले, पण पुरेसे नाही. गाळाची तळी राखण्याचा व बुजलेली शेते मोकळी करण्याचा खर्च अनामत म्हणून उत्खननापूर्वीच सरकारजमा व्हावा, आणि तिची रक्कम ठरविताना त्या खोऱ्यातील शेतकऱ्यांस सरकारी दप्तरात आपले म्हणणे नोंदविण्याचा हक्क असावा.