एक नाव, अनेक धनी

माणूस या जगात येतो तेव्हा त्याच्याजवळ वस्त्र नसते, कवडी नसते. बाराव्या दिवशी पाळण्यात घालतात, आत्या कानात कुर्र करून नाव सांगते. ही त्याची पहिली मिळकत. ती चारचौघांसारखी असावी की जगावेगळी असावी, असा प्रश्न हल्ली घरोघरी पडलेला दिसतो. आज त्याचाच थोडा विचार करू.

बारशाचे बोलावणे आले की आईबाप मोबाईलवरच्या याद्या पुढे करतात आणि म्हणतात, "महाराज, असं नाव सांगा की जे शाळेत दुसऱ्या कुणाचं नसेल." आजीच्या मनात असते, गेलेल्या आजोबांचे विठ्ठल हे नाव नातवाला ठेवावे. सून म्हणते, "जुनं वाटतं हो." आजी पदराने डोळे पुसते. हा झाला एक पक्ष. दुसरा पक्ष असा. एका गावी सप्ताहात एक तरुण पाया पडून म्हणाला, "महाराज, आमच्या वाडीत आम्ही पाच ज्ञानेश्वर. कुणी हाक मारली तरी मी आता वळून बघत नाही. दुसऱ्यालाच मारली असेल." पोरगा हसत बोलला. पण त्याला काम नव्हते, लग्न जमत नव्हते. नावाच्या आडून तो वेगळेच विचारीत होता, की या गर्दीत माझा हिशेब कुणी ठेवतो का? बाबांनो, हा प्रश्न हसण्यावारी नेण्यासारखा नाही.

प्रथम शास्त्र काय म्हणते ते पाहू. भगवान पतंजलींनी महाभाष्याच्या पहिल्याच आह्निकात याज्ञिकांचे वचन घेतले आहे. मूल जन्मल्यावर दहा दिवस लोटले की नाव ठेवावे. ते दोन किंवा चार अक्षरांचे असावे. तीन पुरुषांना अनुसरून असावे. शत्रूकडे रूढ झालेले नसावे. आरंभी कोणता वर्ण, मध्ये कोणता, इथपर्यंत अटी घातल्या. पण 'दुसऱ्या कोणाचेच नसावे' ही अट काही घातली नाही. उलट तीन पुरुषांना अनुसरा म्हटले, म्हणजे पूर्वजाचे नाव वंशात पुन्हा येण्याची वाट मोकळीच ठेवली. आपल्या नामकरणविधीतही देवतानाम, मासनाम, नक्षत्रनाम आणि व्यवहारनाम अशी चार नावे येतात. त्यांतील मासनामे अवघी 12. कृष्ण, अनंत, अच्युत, चक्री अशी. म्हणजे एका महिन्यात जन्मलेल्या सगळ्या लेकरांचे मासनाम एकच! नक्षत्रे 27, प्रत्येकाचे चरण 4, म्हणून नक्षत्रनामाची आद्याक्षरे 108. जपमाळेचे मणीही तितकेच.

आता येथे कोणी म्हणेल, "महाराज, व्यवहारात घोटाळा होतो. रेशनच्या यादीत, सातबाऱ्यावर, बँकेत एका पांडुरंगाचे दुसऱ्या पांडुरंगाच्या नावावर चढते." खरे आहे. म्हणूनच आपण नावापुढे बापाचे नाव लावतो, आडनाव लावतो, गाव सांगतो. वारीत कोणी चुकला तर ध्वनिक्षेपकावरून नुसते 'तुकाराम' पुकारून भागते का? गाव, तालुका, दिंडीचा क्रमांक, रथापुढची की रथामागची, हे सारे सांगावे लागते. यातून काय निघाले? नावाने माणसाला हाक मारता येते. ओळख पटते ती त्याच्या नात्यांनी आणि करणीने. 'मळ्यातला तुकाराम', 'अपरात्री कुणाच्याही बैलासाठी उठणारा तुकाराम', असे गावकरी म्हणतात ना? हे विशेषण बारशाला मिळत नाही. ते जन्मभर कमवावे लागते.

संतांची घरे पाहा. ज्ञानोबारायांच्या वडिलांचे नाव विठ्ठलपंत, आईचे रुक्मिणी. नामदेवरायांचे चार मुलगे नारा, विठा, गोंदा, म्हादा. म्हणजे नारायण, विठ्ठल, गोविंद, महादेव. तुकोबारायांचे मुलगे महादेव, विठोबा, नारायण. दोन घरांत तीनशे वर्षांहून अधिक अंतर, आणि तीन नावे तीच! ज्यांच्या मुखी शब्द पाणी भरीत होते त्यांना का नावांचा तोटा होता? पण त्यांनी चालते नाणेच घेतले. आणि या नारायणबाबांनीच 1685 साली तुकोबांच्या पादुका पालखीत घालून ज्ञानोबांच्या पादुकांसह पंढरीस नेण्याची प्रथा पाडली. नाव हजारोंचे, करणी त्यांची. स्वतःच्या नावाविषयी तरी संत किती निर्लेप! ज्ञानोबारायांनी पुष्कळ अभंगांत आपले नाव बाजूला ठेवून रखुमादेवीवराची मुद्रा घातली. नाथांनी आपल्या नावाला गुरूचे नाव जोडले. जनाबाई तर स्वतःला नामदेवांची दासी म्हणवून घेत. तरी त्यांना कोणी विसरले का?

आता देवाच्या घरी चला. विष्णुसहस्रनामात हजार नावे, पण काही नावे पुन्हा पुन्हा येतात. 'विष्णु' हे नाव तीनदा येते. दुसरे, 258 वे आणि 657 वे. 'वासुदेव' तीनदा, 'माधव' तीनदा. मग काय व्यासांना नावे अपुरी पडली? शंकराचार्य समाधान करतात की अर्थ भिन्न असल्याने येथे पुनरुक्तीचा दोष नाही. पहिला विष्णु म्हणजे सर्वांना व्यापून असणारा. दुसरा पावलांनी लोक आक्रमणारा. तिसऱ्या ठिकाणी ज्याची कांती आकाश-पृथ्वी व्यापून उरते तो. अक्षरे तीच, अर्थ तीन. अहो, एका देवाच्या ठिकाणी एका नावाचे तीन अर्थ होतात, तर पाच ज्ञानेश्वरांच्या ठिकाणी एकच अर्थ कसा राहील? त्यांच्या पाच आयांना विचारा. संध्याकाळी उंबऱ्यावरून हाक येते तेव्हा कोणाची आई कोणाला बोलावते आहे, हे वाडीतल्या कुत्र्यालाही कळते.

भागवताच्या सहाव्या स्कंधातला अजामिळ तुम्हाला ठाऊक आहे. त्याला दहा मुलगे, धाकट्याचे नाव नारायण. मरणसमयी यमदूत पाहून तो भेदरला आणि त्याने पोराला हाक मारली. धावून आले विष्णुदूत! हाक पोराला होती, पण नावाचे धनी दोघे होते. ते नाव एकट्या पोराचेच असते, तर ती हाक पोरापाशीच थांबली असती. आजीबाई विठ्ठल नावासाठी हट्ट का धरतात, ते आता लक्षात आले ना? दिवसातून पन्नास वेळा नातवाला हाक मारतील, आणि पन्नास वेळा पंढरीला पोचेल.

म्हणून जगावेगळे नाव ठेवणे पाप आहे असे मी म्हणत नाही. अर्थ चांगला असावा, आणि आजीच्या तोंडात बसावे, म्हणजे झाले. घरात तंटा मात्र करू नका. शास्त्राने चार नावांची सोय केली आहे, तिचा उपयोग करा. व्यवहारनाम आईबापांच्या आवडीचे, पाळण्यातले आजोबांचे. दोन्हींकडची मने राहतात.

आणि ज्यांची नावे गावोगाव आहेत त्यांनी वारीत यावे. तिथे लाखो माणसे चालतात आणि सगळ्यांना हाक एकच, 'माउली'. पाणी देणारा माउली, पिणारा माउली, पाय तुडवणारा माउली आणि ज्याचा पाय तुडवला तोही माउलीच. इतके सर्वांचे झालेले नाव दुसरे नसेल. पण ते कानी पडले की प्रत्येकाला वाटते, मलाच हाक मारली, आणि प्रत्येकजण वळून पाहतो. तसेच घरी आल्यावरही करावे. आपल्या नावाने हाक आली की वळावे. आपल्याला असली तर कामाला जावे. दुसऱ्याला असली तर त्याला जाऊन सांगावे, बाबा रे, तुला कोणी बोलावते आहे.

बोला, पुंडलीक वरदा हरि विठ्ठल!