सूत्र कोणाच्या हाती?

आम्हां साखळीकरांना कुडाळजवळचे पिंगुळी फार दूर नाही. तेथील ठाकर कलावंत कळसूत्री बाहुल्या नाचवितात, तसेच चित्रकथीच्या पोथीतील चित्रे दाखवून रामकथा गातात. या परंपरेतील परशुराम गंगावणे यांना २०२१ साली पद्मश्री लाभली. बाहुलीचे सूत्र दिसते. चित्रातल्या माणसाला सूत्र नसते. तरी रामकथेतील कैकेयीकडे पाहावे. मंथरेने तिला बांधले नाही, केवळ भय दाखविले. वर मागताना मात्र तो निश्चय कैकेयीला आपलाच वाटला. मग ती निर्दोष काय? आम्हांस तसे वाटत नाही. शासकीय कचेरीत टिपणी एकाची, सही दुसऱ्याची. जाब सही करणाऱ्यालाच. बाहुलीला ‘नाही’ म्हणता येत नाही, माणसाला येते. म्हणूनच त्याचे सूत्र त्याच्याच होकाराने बांधले जाते.